इंजिनिअर आणि व्यवस्थापनाची पदवी

मुलगा किंवा मुलगी इंजिनिअर झाली, ही बातमी मराठी कुटुंबात अजूनही पेढ्यांनी साजरी होते. पूर्वी या बातमीबरोबर शिक्षणाचा अध्याय संपत असे. आता मात्र तिच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. पेढा हातात घेता घेताच कोणीतरी विचारतो, “मग आता एम.बी.ए. केव्हा?” पुण्यामुंबईस हा प्रश्न जितका ऐकू येतो, तितकाच तो इंदूर, बडोदे, भिलाई, हैदराबाद येथील मराठी घरांतूनही ऐकू येतो. विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु प्रश्नाचा रोख असा असतो, की जणू इंजिनिअरिंगची पदवी ही वाटेवरची धर्मशाळा आणि व्यवस्थापनाची पदवी हे तीर्थक्षेत्र!

या समजुतीमागे काही कारण नाही असे नव्हे. भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशासाठी जी सामाईक परीक्षा होते, तीतून निवडल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांत इंजिनिअरांचा भरणा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे. तो इतका, की अन्य शाखांच्या विद्यार्थ्यांना निवडीत थोडे झुकते माप द्यावे असे काही संस्थांना वाटू लागले. या परीक्षेत गणित आणि तर्क यांचा भाग मोठा असतो आणि त्यांचा सराव इंजिनिअरला चार वर्षे झालेला असतो. पण परीक्षा सोपी जाणे हा काही ती विद्या आपली असल्याचा पुरावा नव्हे. उत्तम पोहता येते म्हणून कोणी मासेमारीचा धंदा पत्करीत नाही.

तेव्हा श्रोतेहो, इंजिनिअरने व्यवस्थापनाची पदवी घ्यावी की घेऊ नये, याचा आज थोडा शांतपणे विचार करू. तरुण मंडळी या पदवीकडे वळतात त्याची कारणे विचारली, तर ती बहुधा दोनच निघतात. एक चढण्याचे आणि दुसरे पळण्याचे. पहिल्या कारणात असे गृहीत धरलेले असते, की इंजिनिअर हा खालच्या पायरीवरचा आणि व्यवस्थापक वरच्या पायरीवरचा. दुसऱ्या कारणात असे असते, की इंजिनिअरिंग मनापासून कधी आवडलेच नाही. घरच्यांच्या आग्रहाने ते पुरे केले, आता यातून सन्मानाने सुटावयाचे आहे. माझ्या मते ही दोन्ही कारणे अपुरी आहेत. व्यवस्थापनाची पदवी घ्यावयाची की नाही, हे गुणांच्या टक्केवारीवर किंवा पगाराच्या आकड्यावर ठरू नये. आपल्या कामात आपल्याला कोणता प्रश्न पडला आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या यंत्रशास्त्रात सापडत नाही अशी आपली खात्री झाली आहे काय, यावर ते ठरावे.

असे म्हणण्याचे कारण इतिहासात आहे. व्यवस्थापनशास्त्राचा आरंभ मोठ्या प्रमाणावर कारखान्यात झाला आणि त्याचे आद्य प्रवर्तक बव्हंशी इंजिनिअरच होते. अमेरिकेत कुलपे बनविणारा एक मोठा कारखाना होता. त्याचे प्रमुख हेन्री टाउन हे व्यवसायाने इंजिनिअर. १८८६ साली यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी एक निबंध वाचला. इंजिनिअरने अर्थशास्त्रज्ञाची भूमिकाही घेतली पाहिजे, असा त्याचा आशय. त्यांचे म्हणणे असे, की यंत्राच्या रचनेवर चर्चा करावयास आपल्या संस्था आहेत, नियतकालिके आहेत. पण कारखाना चालवावयाचा कसा, मजुरीचा हिशेब ठेवावयाचा कसा, वस्तूचा उत्पादनखर्च काढावयाचा कसा, या विषयी जो तो आपल्यापुरता चाचपडतो आहे. एकाचा अनुभव दुसऱ्यास मिळत नाही. रोजच्या कामात टाउन यांना प्रश्न पडला, आणि त्याचे उत्तर आपल्या शास्त्राच्या ग्रंथांत नाही हे त्यांनी ओळखले.

त्याच परंपरेतला दुसरा इंजिनिअर फ्रेडरिक टेलर. हा गृहस्थ सुखवस्तू घरातला असूनही उमेदवार कामगार म्हणून कारखान्यात शिरला, पुढे पोलादाच्या कारखान्यात नोकरीस लागला आणि ती नोकरी करता करताच १८८३ साली त्याने यंत्र-अभियांत्रिकीची पदवी मिळविली. फावड्याने माल उचलणाऱ्या मजुरांचे काम त्याने बारकाईने मोजले. एका खेपेस फावड्यात सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलोच्या आसपास, वजन आले तर दिवसाकाठी सर्वांत जास्त काम होते असे त्याला आढळले. मग लोहखनिजासाठी लहान फावडे आणि हलक्या कोळशासाठी मोठे फावडे, अशी त्याने व्यवस्था केली. गोष्ट साधी दिसते. पण फावडे कसे घडवावे एवढाच विचार करणारा आणि फावडे कोणत्या कामास, किती वजनास, कोणाच्या हाती द्यावे याचा विचार करणारा, यांतले अंतर येथे स्पष्ट होते. १९११ साली टेलरचा वैज्ञानिक व्यवस्थापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तो जगभर वाचला गेला.

परंतु त्याच वर्षी आणखी एक घटना घडली आणि ती इंजिनिअरांनी अधिक लक्षात ठेवावी अशी आहे. मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात टेलरच्या पद्धतीने घड्याळ लावून कामगारांचे काम मोजावयास सुरुवात झाली, तेव्हा तेथील ओतशाळेतील कामगारांनी संप पुकारला. प्रकरण थेट अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे गेले आणि १९१२ साली टेलरला तेथे दीर्घ साक्ष द्यावी लागली. टेलरच्या मोजमापात चूक होती म्हणून संप झाला असे नव्हे. ज्याचे मोजमाप चालले होते तो पदार्थ पोलादासारखा मुका नव्हता, हे त्याचे कारण. तुळईवर किती भार ठेवावा हे तुळईस विचारावे लागत नाही. माणसाला विचारावे लागते.

पुढे १९२४ पासून शिकागोजवळील हॉथॉर्न येथे, टेलिफोनची सामग्री बनविणाऱ्या कारखान्यात, प्रकाश वाढविला तर काम वाढते काय याचे प्रयोग झाले. प्रकाश वाढविला तेथे काम वाढले. आणि गंमत अशी, की जेथे तो वाढविला नव्हता तेथेही वाढले! या प्रयोगांच्या आकड्यांविषयी पंडितांत नंतर पुष्कळ वाद झाले. तथापि कारखान्यातील मनुष्य हा दिवा आणि पगार यांच्यापलीकडचे काही पाहत असतो, आपल्याकडे कोणाचे लक्ष आहे की नाही हे जाणत असतो, हा विचार त्या निमित्ताने अभ्यासाच्या कक्षेत आला तो कायमचा.

फ्रान्समध्ये हेन्री फायोल नावाचा खाण-इंजिनिअर होता. कोळशाच्या खाणीत तो इंजिनिअर म्हणून लागला आणि १८८८ साली, कंपनी डबघाईस आली असताना, तिचा प्रमुख झाला. त्याने ती सावरली. १९१६ साली त्याने आपले विचार ग्रंथरूपाने मांडले. त्याने केलेली एक मांडणी प्रत्येक तरुण इंजिनिअरने समजून घेण्याजोगी आहे. कामगाराच्या अंगी तांत्रिक कौशल्याचे महत्त्व सर्वांत अधिक. जसजसे अधिकाराचे स्थान वर जाते, तसतसे तांत्रिक कौशल्याचे प्रमाण कमी होते आणि योजना आखणे, माणसे जुळविणे, कामावर देखरेख ठेवणे या प्रशासकीय गुणांचे प्रमाण वाढते, असे त्याचे प्रतिपादन होते. आपल्या देशातील इंजिनिअरिंगच्या विद्यालयांत गणिताचा अतिरेक होतो आणि प्रशासनाचा एक शब्दही शिकविला जात नाही, ही त्याची तक्रार होती. शंभर वर्षांनंतर आपल्याकडील एखाद्या विद्यालयातून बाहेर पडलेला पदवीधर हीच तक्रार करताना आढळला, तर नवल वाटावयास नको.

हा झाला परदेशचा इतिहास. आपल्याकडे पाहिले तर तोच अनुभव दिसतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता. पण लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. नांगराच्या फाळात काही दोष नव्हता. अडचण शेतकऱ्याच्या मनात होती आणि ती दूर करण्याचा उपाय ओतशाळेत सापडणारा नव्हता. शेतकऱ्याच्या बांधावर जाणे, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणे, त्याच्या शंकेची थट्टा न करणे, हे सारे तेथे कामी येते. लक्ष्मणरावांनी ते चिकाटीने केले आणि १९१० साली किर्लोस्करवाडीची उभारणी सुरू झाली. त्या काळी या विद्येस विपणन हे नाव आपल्याकडे कोणास ठाऊकही नव्हते.

दुसरे उदाहरण वर्गीस कुरियन यांचे. हे यंत्र-अभियंता. अमेरिकेत शिकून १९४९ साली ते आणंदला सरकारी नोकरीसाठी आले. खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा सहकारी संघ तेथून मुंबईस दूध पाठवीत असे. हिवाळ्यात म्हशींचे दूध पुष्कळ वाढे, मुंबईची मागणी मात्र तेवढीच राही. मग शिल्लक दुधाचे करावयाचे काय? म्हशीच्या दुधाची भुकटी करता येत नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. कुरियन यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी ती करून दाखविली आणि १९५५ साली आणंदला त्या दुग्धालयाचे उद्घाटन झाले. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे, की भुकटीचे यंत्र हे तांत्रिक उत्तर होते, पण प्रश्न तांत्रिक नव्हता. हिवाळ्यात शेतकऱ्याच्या दुधास भाव मिळावा, हा तो प्रश्न होता. कुरियन यांनी दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या. त्यांच्यापाशी व्यवस्थापनाची पदवी नव्हती. परंतु पदवीवाचून आपले अडले नाही, तेव्हा इतरांचेही अडणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. शेतकऱ्यांच्या संस्था चालविण्यास शिकलेली माणसे लागतील हे जाणून १९७९ साली त्यांनी आणंदलाच ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था उभी केली. स्वतः अनुभवाने शिकलेल्या मनुष्याने पुढच्यांसाठी शाळा काढावी, याचा अर्थ ही विद्या शिकविता येते आणि ती शिकावी असे त्याला वाटले.

स्वातंत्र्यानंतर या विद्येची आपल्याकडे जाणीवपूर्वक जोपासना झाली. १९५३ साली कलकत्त्यास समाजकल्याण आणि व्यवसाय-व्यवस्थापन यांची संस्था निघाली. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. पहिलीस मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेचे आणि दुसरीस हार्वर्डच्या व्यवसाय विद्यालयाचे साहाय्य लाभले. १९६३ साली मुंबईस औद्योगिक अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय संस्था निघाली. तीच २०२३ साली मुंबईची भारतीय व्यवस्थापन संस्था झाली. १९६५ साली मुंबई विद्यापीठाने जमनालाल बजाज यांच्या नावाची संस्था सुरू केली. मोठी धरणे, पोलादाचे कारखाने, यंत्रांचे कारखाने उभे राहत होते. ते बांधणारे इंजिनिअर देशात तयार होत होते. बांधलेले नीट चालविणारे हवे होते. आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. कलकत्ता आणि अहमदाबाद येथील संस्था पन्नास वर्षांहून अधिक काळ पदवी देतच नव्हत्या. त्या पदविका देत. संसदेने २०१७ साली कायदा केला, तेव्हा त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. तेव्हा ज्यांच्या नावाचा एवढा दबदबा, त्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांपाशी पदवीचा कागद नव्हताच. कागदाहून विद्या मोठी, हे सांगावयास याहून चांगले उदाहरण कशास पाहिजे?

आता प्रत्यक्ष या शिक्षणातून इंजिनिअरला मिळते काय ते पाहू. एक साधे कल्पित उदाहरण घेऊ. एका पंपासाठी वीस अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे पंधरा किलोवॉटची, मोटर घ्यावयाची आहे. एका मोटरची कार्यक्षमता शेकडा ९२, दुसरीची ८६. पहिली चाळीस हजार रुपयांनी महाग. इंजिनिअर सहजच म्हणेल, की पहिली घ्या. ती श्रेष्ठ आहे. यंत्र म्हणून ती श्रेष्ठ आहेच. पण हिशेब मांडून पाहा. पूर्ण भारावर पहिली मोटर तासाला १६.३ युनिट वीज घेते, दुसरी १७.४४. विजेचा दर युनिटला आठ रुपये धरला, तर तासाला सुमारे नऊ रुपये वाचतात. म्हणजे चाळीस हजार रुपये भरून निघावयास सुमारे ४,४०० तास लागतात. मोटर अहोरात्र चालणार असेल तर सहा महिन्यांत पैसे वसूल. पण ती वर्षातून दोनशे दिवस, रोज दोनच तास चालणार असेल, तर अकरा वर्षे लागतील. कोणती मोटर चांगली, या प्रश्नाचे उत्तर मोटरच्या अंगी नाही. ती कोण, कशासाठी, किती वेळ चालविणार आहे आणि ते चाळीस हजार रुपये दुसरीकडे गुंतविले असते तर काय मिळाले असते, यात ते आहे.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात लेखाशास्त्र, परिव्यय, वित्त, विपणन, मनुष्यबळ हे जे विषय असतात, त्यांचे सार हेच, की वस्तूकडे तिच्या भोवतालच्या माणसांच्या आणि पैशाच्या संबंधांतून पाहावयाचे. ताळेबंद वाचता येणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. ज्या कंपनीत आपण दहा वर्षे नोकरी केली ती नफ्यात चालली आहे की कर्जात, हे वर्तमानपत्रातून कळावे, अशी कित्येक हुशार इंजिनिअरांची स्थिती असते.

याहूनही मोठा लाभ वर्गातील चर्चेचा. अनेक संस्थांत एखाद्या उद्योगापुढे खरोखरी उभी राहिलेली अडचण विद्यार्थ्यांच्या हाती लेखी देतात आणि तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते, असे विचारतात. येथे इंजिनिअर प्रथम गोंधळतो. त्याच्या पुस्तकात शेवटच्या पानावर उत्तरे छापलेली असत. येथे उत्तरांचे पानच नाही. माहिती अपुरी, वेळ थोडा, आणि चार शहाण्यांची चार मते. वाणिज्य शिकलेली मुलगी एक गोष्ट पाहते, मानसशास्त्र शिकलेला मुलगा दुसरी पाहतो, आणि आपल्याला तिसरीच दिसते. दुसऱ्याचे म्हणणे ऐकून आपले मत बदलण्याचा हा सराव ज्याने मनःपूर्वक केला, त्याचा या शिक्षणातला निम्मा खर्च भरून आला असे मी म्हणेन.

मात्र या शिक्षणातून न मिळणाऱ्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. रात्रपाळीत यंत्र बंद पडले असता कामगारांच्या घोळक्यात उभे राहून धीर देण्याचे बळ वर्गात मिळत नाही. चुकीच्या हिशेबावर सही करण्यास वरिष्ठ सांगत असता नाही म्हणण्याचे धैर्य अभ्यासक्रमात नसते. आणि ज्याला स्वतःच्या कामाची गोडी कधी लागली नाही, त्याला इतरांच्या कामाची गोडी लावण्याची हातोटी कोणतीही संस्था देऊ शकत नाही. पळण्याचे कारण अपुरे आहे असे मी म्हणालो ते एवढ्यासाठीच. इंजिनिअरिंग आवडले नाही, यावरून व्यवस्थापन आवडेल असे सिद्ध होत नाही. पहिल्यातून सुटलेला मनुष्य दुसऱ्यात अडकण्याचाच संभव अधिक.

आता खर्चाची बाजू. हुरळून जाण्यापूर्वी इंजिनिअरने स्वतःच्या बाबतीतही मोटरचा हिशेब मांडावा. अहमदाबादसारख्या आघाडीच्या संस्थेत दोन वर्षांचे शुल्क आज पंचवीस लाख रुपयांच्या आसपास आहे. विद्यापीठांच्या विभागांत ते पुष्कळ कमी असते. समजा, पंचवीस लाखांचे कर्ज शेकडा नऊ दराने दहा वर्षांसाठी काढले. महिन्याचा हप्ता सुमारे ३१,७०० रुपये येतो आणि एकूण परतफेड अडतीस लाखांच्या घरात जाते. यात एक रक्कम लोक धरीतच नाहीत. नोकरीत वर्षाला आठ लाख मिळत असतील, तर दोन वर्षांत सोळा लाखांवर पाणी सोडावे लागते. व्याज बाजूला ठेवले तरी खर्च एकेचाळीस लाख झाला. नामांकित संस्थेतून चांगली नोकरी मिळाल्यास हे ओझे उतरते, यात शंका नाही. पण नाव नसलेल्या संस्थेत केवळ एम.बी.ए. ही अक्षरे मिळावीत म्हणून वडिलांची पुंजी ओतणे, हा निराळा प्रकार आहे. २०१० नंतरच्या दशकात अशा कित्येक संस्था विद्यार्थ्यांअभावी बंद पडल्या, ही गोष्ट पालकांनी विसरू नये. त्या संस्थांतून बाहेर पडलेल्यांचे हप्ते मात्र बंद पडले नाहीत.

मग जावयाचे तर केव्हा जावे? माझे मत असे, की पदवी हाती पडताच लगेच जाऊ नये. निदान दोन-तीन वर्षे इंजिनिअर म्हणून प्रत्यक्ष काम करावे. अमेरिकेतील नामांकित संस्थांत काही वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अपेक्षा धरली जाते. आपल्याकडे मात्र कॉलेजातून सरळ किंवा जेमतेम वर्षभराच्या अनुभवावर वर्गात येऊन बसणारे पुष्कळ. ज्याने कधी गोदामात माल सडताना पाहिला नाही, त्याला मालसाठ्याच्या नियंत्रणाचे सूत्र म्हणजे आणखी एक गणित वाटते. ज्याने पाहिला आहे, त्याला ते सूत्र शिकताना तो वास आठवतो. अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचे अभ्यासक्रम आता आपल्या देशातही आहेत; हैदराबादच्या संस्थेने ते २००१ साली सुरू केले. नोकरी सांभाळून संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी शिकण्याची सोयही अनेक ठिकाणी आहे. तेव्हा दोन-तीन वर्षे थांबल्याने वाट बंद होत नाही.

या दोन-तीन वर्षांत तरुणाने स्वतःची परीक्षा घ्यावी. मी तीन कसोट्या सुचवितो. पहिली अशी: पगार आहे तेवढाच राहणार असेल, तरीही मला ही विद्या शिकावीशी वाटेल काय? दुसरी: माझ्या आजच्या कामाची बिगर-तांत्रिक बाजू मी कधी होऊन पाहिली आहे काय? आपल्या कंपनीचा वार्षिक अहवाल वाचावा. विक्रीच्या माणसाबरोबर एक दिवस गिऱ्हाइकाकडे जावे. पर्यवेक्षकाशी चहा घेताना पाळीच्या अडचणी विचाराव्यात. हे करताना कंटाळा आला, तर पंचवीस लाख वाचले असे समजावे. गोडी वाटली, तर ती खरी हाक आहे. तिसरी कसोटी: पदवी घेतल्यावर माझे इंजिनिअरिंग माझ्याबरोबर येणार आहे, की मी ते मागे टाकून जाणार आहे? रुग्णालय असो, बँक असो, वीजमंडळ असो. जेथे तांत्रिक ज्ञान आणि व्यवहारज्ञान यांचा संगम लागतो, तेथे असा मनुष्य दुर्मीळ आणि म्हणूनच मोलाचा. पण चार वर्षांची विद्या पुसूनच जावयाचे असेल, तर ज्याने ती कधी शिकलीच नाही त्याच्याहून आपण वरचढ कशाने, हे स्वतःला विचारावे.

आणि या कसोट्यांनंतर जो म्हणेल, की मला यंत्रातच राहावयाचे आहे, त्याच्याकडे घराने कमी लेखून पाहू नये. चढण्याचे कारण मला मान्य नाही ते यामुळे. पूल बांधणारा हा पुलाच्या निविदा मंजूर करणाऱ्याहून खालचा, असे मानणाऱ्या समाजात पूल पडू लागतात. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारी दारे बसविली आणि नवे धरण न बांधता पाण्याचा साठा वाढविला. ते काम अस्सल इंजिनिअरचे होते आणि अस्सल काटकसरीचेही होते. पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले, १९१३ साली त्यांच्या पुढाकाराने तेथे बँक निघाली, १९३४ साली त्यांनी भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. हे सारे त्यांनी इंजिनिअर राहूनच केले. अर्थव्यवहाराचा विचार करावयास प्रत्येकाला नवी पदवी घ्यावीच लागते असे नाही. विचार मात्र प्रत्येकाला करावा लागतो.

यात आपल्या उद्योगांवरही एक जबाबदारी येते. ज्या कारखान्यात निष्णात संशोधक-इंजिनिअरला पगारवाढ हवी असेल, तर कागदावर सह्या करणारा अधिकारी होण्यावाचून गत्यंतर नसते, त्या कारखान्याने आपले चांगले इंजिनिअर व्यवस्थापनाकडे पळतात अशी तक्रार करू नये. वाट त्यानेच दाखविलेली असते. काही संस्थांनी तांत्रिक तज्ज्ञांसाठी बढतीची स्वतंत्र श्रेणी ठेवली आहे. तो पायंडा सर्वत्र पडावयास हवा. तसे झाले तर व्यवस्थापनाच्या वर्गात जे येतील ते त्या विद्येच्या ओढीने येतील, आणि वर्गाचेही भले होईल.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते, की ‘केव्हा’ असे विचारण्यापूर्वी ‘कशासाठी’ असे विचारावे. आणि मुलाने उत्तर द्यावयास वेळ मागितला, तर तो द्यावा. आणि तरुण मित्रांना सांगावयाचे ते असे: प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर आपल्या कामात पडलेला आणि आपल्या विद्येने न सुटलेला एक तरी प्रश्न लिहून पाहा. तो यंत्राचा असेल, तर यंत्रशास्त्राचा पुढचा अभ्यास करा. तो माणसांचा, पैशाचा किंवा बाजाराचा असेल, तर व्यवस्थापनाकडे अवश्य वळा. तेथे तुमच्या प्रश्नाला सोबती भेटतील. आणि कागद कोराच राहिला, तर अर्ज तूर्त बाजूला ठेवून उद्या सकाळी वेळेवर कामावर जा. प्रश्न तेथेच भेटतात.